वहिनीचा डोळा, माझा डोळा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गप्प बसून टाळलं असतं तर निदान कोणाच्या लक्षात तरी आलं असतं. मी बोलून टाळलं. आमच्या वाडीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनावर माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही. कोणाला दिव्याभोवती वलयं दिसू लागली, कोणी समोरच्या माणसाला आवाजावरून ओळखू लागला, की घरची माणसं त्याला आधी माझ्याकडे पाठवतात आणि मग डॉक्टरकडे. त्याच दिवशी घरी यायचं की दवाखान्यात राहायचं, खर्चात फरक किती, नजरेत फरक किती, हे सगळं मी ओसरीवर बसून समजावतो. पुरावाही घरचाच असतो. एक डोळा माझा, दवाखान्यात राहून केलेला. एक डोळा आमच्या वहिनीचा, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आणलेला.

माझं सांगणं डोळ्यांपुरतं खरंच होतं. पण त्यात एक वाक्य मी दर वेळी घालायचो. "वयनीनच हट्ट धरल्यान, माका घराक व्हरा म्हणान." मला घरी न्या असा हट्ट वहिनीनेच धरला, हे वाक्य खोटं होतं. वाडीतल्या लोकांना ते इतकं आवडलं की माझ्याशिवायही ते फिरू लागलं. तेच आज परत घ्यायला बसलो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती या घरात नवरी म्हणून आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत शाळेत जात होतो आणि घरात आई नव्हती. त्यामुळे माझ्या डोक्याला तेल चोपडणं, माझ्या ताटातल्या माशांचे काटे काढणं आणि परीक्षेचा निकाल लागला की वडिलांच्या आणि माझ्या मधे उभं राहणं, ही कामं तिला लग्नाबरोबरच मिळाली. नात्याने मी दीर, म्हणून ती मला 'भावजी' आणि 'तुमी' म्हणायची. माझं नाक पुसतानासुद्धा "भावजी, शिंकरा बघू" असं मानानं. मी तिला 'वयनी' आणि 'तू'. भाऊ गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली असं लोक म्हणत. खरं म्हणजे घर तीच चालवत होती, आम्ही नवराबायको तिच्याकडे राहत होतो. तिला मूलबाळ नव्हतं. कोंबड्या होत्या, घरामागच्या परड्यात काजूची कलमं होती, आणि आम्ही होतो.

आधी माझा डोळा पिकला. कणकवलीच्या डॉक्टरांनी त्यात उजेड मारून पाहिलं आणि म्हणाले, "काका, थेंब टाकून बधिर करू, थोड्या वेळाचं काम आहे. सकाळी या, संध्याकाळी घरी जा."

मी नाराज झालो. "राहायचं नाही?"

"गरज नाही."

"गरज नाही ते कळलं. पण राहता येतं का?"

डॉक्टर म्हणाले, "वर खोल्या आहेत. राहा हवं तर. पण खोलीचं भाडं, नर्सिंग, सगळं वाढतं. बिल दुप्पट-तिप्पट होईल आणि डोळा तेवढाच दिसेल."

डोळा तेवढाच दिसून मला चालणार नव्हतं. आमच्याकडे आजारपणाला प्रत असते. सकाळी जाऊन संध्याकाळी आलेल्या माणसाला लोक बाजार करून आला असं समजतात. त्याला भेटायला कोण येणार? कचेरीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कोणी विचारत नाही. निदान डोळ्याच्या निमित्ताने चार माणसं यावीत, शहाळी आणावीत, हळू आवाजात बोलावीत, एवढीच माझी इच्छा होती. मुंबईच्या मुलाच्या कंपनीचा विमा होता, त्यात ऑपरेशन बसत होतं. खोलीचे वरचे पैसे तो भरतो म्हणाला. "बाबा, तुम्हाला बरं वाटेल तसं करा," असं त्याने फोनवर सांगितलं. बायको मात्र म्हणाली, "ऑपरेशन डोळ्याचा असा मां? मगे पाय पसरूक खोली कित्याक व्हयी?"

दोन रात्री राहिलो. बायको सोबतीला, भिंतीकडच्या बाकड्यावर. ते बाकडं अरुंद होतं आणि दुसऱ्या सकाळी ती उठली तेव्हा पाठीत वाकून चालत होती. पण त्याच पाठीने ती माझ्या डोळ्यात वेळेवर थेंब टाकत होती. मी खाटेवर पडून, एका डोळ्यावर टोपण, भेटायला आलेल्यांना ऑपरेशन कसं झालं ते सांगत होतो. प्रत्येक वेळी ते थोडं थोडं अवघड होत गेलं. बायको एकदा म्हणाली, "आता पुढच्या माणसाक सांगतल्यात तेव्हा मरान जित्ये झालंय म्हणान सांगा."

घरून डबा यायचा. वहिनी पहाटे उठून करायची आणि एस्टीच्या कंडक्टरकडे द्यायची. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती स्वतःच आली. तिच्या दोन्ही डोळ्यांवर तेव्हा साय धरलेली होती. जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपत ती वर आली. मी न्हाणीघरात गेलो होतो आणि बायको औषधं आणायला खाली. वहिनी दमून माझ्या खाटेच्या कडेला टेकली. तेवढ्यात दुपारच्या चहाची किटली घेऊन दवाखान्यातली मावशी आली. खाटेवर बसलेली म्हातारी बघून तिला वाटलं, पेशंट हीच. तिने विचारलं, "आजी, साखर किती घालू?"

वहिनीने मागे वळून पाहिलं. आपल्यालाच विचारतात हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. हे सगळं तिनेच नंतर सांगितलं, आणि सांगितलं म्हणजे किती! परतीच्या एस्टीत सगळ्या गाडीला सांगितलं, विहिरीवर सांगितलं, देवळात सांगितलं. मी न्हाणीघरातून आलो तेव्हा ती दोन्ही हातांत कप धरून सावकाश चहा पीत होती. मला बघून उठली नाही. ही गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली नाही. मला बघून ती उठली नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "ही जागा बरी असा."

पुढे कित्येक महिने ते आमच्या घरात चाललं. "मावशीन माका इचारल्यान, साखर किती घालू!" बायको हसायची. "वयनी, तुका घरात कोण इचारतला? साखरेचो डबो तुझ्याच हातात!" मीही हसायचो. चांगला विनोद होता.

मग वहिनीच्या डोळ्यांची पाळी आली. ती आम्हाला डॉक्टरच्या तक्त्याने कळली नाही, पेडव्यांनी कळली. पेडवे हे गरिबाचे मासे, चव उत्तम, पण अंगात केसासारखे बारीक काटे. ज्याला पेडव्याचे काटे काढता येतात त्याचे डोळे शाबूत, हा आमच्या घरचा नियम. पन्नास वर्षं ती माझ्या ताटात पेडवे सोलून वाढत होती. माझी नातवंडं झाली तरी वाढत होती. बायकोने कितीदा टोमणे मारले, पण ती सवय तिने सोडली नाही आणि मी सुटू दिली नाही. एके दिवशी काटा माझ्या घशात अडकला. सुक्या भाताचे गोळे गिळून, केळं खाऊन, पाठीत बुक्के खाऊन तो उतरला. वहिनी म्हणाली, "पेडवे आता पयल्यासारके रवले नाय."

डॉक्टर तेच. म्हणाले तेही तेच. उजवा डोळा आधी करू, सकाळी या, संध्याकाळी जा. वहिनी खुर्चीवर पदर सावरून बसली होती. जी वस्तू घ्यायची नाही तिचा भाव सहज विचारावा तशी ती म्हणाली, "डॉक्टर, हयसर रवाचा नाय काय?"

डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधी मी उघडलं. "नाही, नाही. काही गरज नाही. त्याच दिवशी नेतो."

डॉक्टरांना मी आठवत होतो. "काका, तुम्ही तर दोन रात्री..."

"ती गोष्ट वेगळी होती," मी म्हणालो. काय वेगळी होती ते त्यांनी विचारलं नाही.

परत येताना रिक्षा कसालच्या फाट्याला वळली तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "माझे काजीचे पैशे असत, भावजी. एका रातीचा मी दितंय."

"पैशाचो प्रश्न नाय गो," मी म्हणालो.

तो नव्हताच. प्रश्न त्या बाकड्याचा होता. बायको तेव्हा सुनेच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेली होती. वहिनी राहिली असती तर सोबतीला मला राहावं लागलं असतं. ते अरुंद बाकडं, कँटीनचा भात, वेळेवर थेंब टाकणं, तिला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेणं. बायकोने माझ्यासाठी हे सगळं केलं होतं, पण मी ते खाटेवरून पाहिलं होतं आणि तिकडून ते फार सोपं दिसत होतं. बाकड्यावरून कसं दिसतं ते मला बघायचं नव्हतं.

पण हे वहिनीला सांगणार कसं? म्हणून मी ते देवीवर सोपवलं.

आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं मोठ्याने देवीला सांगतो. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. जमिनीचे तंटे, मुलींची लग्नं, होड्यांची खरेदी, सगळं या पाकळ्यांवर ठरलेलं मी पाहिलं आहे. मोतीबिंदूला रात्र काढायची की नाही हे मात्र देवीला बहुधा पहिल्यांदाच कोणी विचारलं असेल.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. वहिनी मागे खांबापाशी उभी राहिली. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि मला विचारलं, "काय म्हणान घालू गाऱ्हाणा?"

आता, मी जन्मभर कचेरीत अर्ज वाचले आणि अर्ज लिहिले. कोणता प्रश्न कसा मांडला की कोणतं उत्तर येतं, यावर माझा पगार चालला. मी म्हणालो, "असा घाल. डोळ्याचा काम होवन, त्याच दिसा ती सुखरूप घराक येवची असात, तर उजवी दी."

गुरव आवाज खाली आणून म्हणाला, "आणि दुसऱ्या दिसा इली तर सुखरूप येवची नाय काय?"

"तू घाल रे."

"घालतंय बापडो. तुमी कचेरीत होतास मां? देवीची पण फायल करतल्यात."

त्याने गाऱ्हाणं घातलं. सुखरूप घरी यायचं असेल तर उजवी दे, म्हटल्यावर देवी नाही कशी म्हणेल? उजवी पाकळी लगेच पडली. मी वहिनीकडे वळून बघितलं. तिने हात जोडले, कपाळाला अंगारा लावून घेतला. घरी येताना पाणंदीत ती म्हणाली, "देवीन तरी खंय देवळाभायर रात काढल्यान हा? तिका काय म्हायत?" आणि खुदकन हसली. मीही हसलो. मला हायसं वाटलं की ती रागावली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी शेजाऱ्याची रिक्षा पहाटे आली. वहिनीने लग्नकार्यातलं लुगडं नेसलं होतं आणि हातात कापडी पिशवी होती.

"पिशयेत काय गो?"

"काय नाय. टुवाल, फणी आणि माझो कप. लागलोच तर."

लागलोच तर! डॉक्टरांनी संध्याकाळी सोडायचं ठरवलेलं, देवीने शिक्का मारलेला, आणि ही स्वतःचा स्टीलचा कप घेऊन निघालेली. मला ते तेव्हाच कळलं. मी रिक्षावाल्याशी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलू लागलो.

ऑपरेशन उत्तम झालं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत जत्रेसारके रंगीत दिवे लायल्यानी हत. दुखाक काय नाय." डॉक्टरांनी डोळ्यावर टोपण लावलं, काळा चष्मा दिला आणि मला बजावलं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढे, गॅसपुढे काही दिवस अजिबात नाही, उद्या सकाळी तपासायला परत आणायचं. मी मान डोलावली. ही उद्याची कणकवलीची दुसरी फेरी, तिचं भाडं, ते खड्डे आणि त्यात हलणारा ताजा डोळा, हे मी पुढे लोकांना खर्चाचं गणित समजावताना कधीच धरलं नाही. ते धरलं असतं तर एका रात्रीच्या खोलीचा खर्च तितकासा वेडेपणाचा दिसला नसता.

संध्याकाळी घरी आलो. भेटायला कोणी आलं नाही, मी म्हणत होतो तसंच. बाजार करून आल्यासारखं. वहिनीला ओसरीवर खुर्चीत बसवलं. समोरच्या खुर्चीत मी बसलो. पिशवी तिच्या मांडीवरच होती. ऊन माडांच्या मागे गेलं. दिवसभराच्या धावपळीने मी दमलो होतो, आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं की चहा झालेला नाही.

लक्षात आलं, आणि मी बसून राहिलो. चहा होईल असं वाटत होतं. आजवर रोज होत आला होता.

वहिनी उठली. एका डोळ्यावर टोपण, दुसऱ्यावर साय, वर काळा चष्मा, आणि भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघराकडे निघाली.

"वयनी, रवांदे गो. डॉक्टरान सांगल्यान हा." हे मी खुर्चीतूनच म्हणालो.

"बसा, बसा. सांजची चाय चुकली की तुमची टकली दुखता."

गॅस पेटल्याचा आवाज आला. भांडं ओट्यावर आपटल्याचा आला. ती चहा घेऊन आली, माझा हात कुठे आहे ते चाचपून कप हातात दिला. मी एक घोट घेतला. आता पुढचं लिहिताना हात अडतो, पण ते सांगण्यासाठीच बसलो आहे. मी म्हणालो, "साखर कमी पडली गो."

ती परत आत गेली आणि साखर घेऊन आली.

सकाळी तिचा डोळा लाल होता आणि पाणी गळत होतं. रिक्षात मी देवीला एकाच गोष्टीचं साकडं घातलं, आणि या वेळी शब्द फिरवले नाहीत. डॉक्टरांनी टोपण काढलं, यंत्राला हनुवटी टेकवून डोळा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, घरी काही काम केलंत? गॅसपुढे गेला होता?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"नाय ओ डॉक्टर," वहिनी म्हणाली. "भावजींनी माका खुर्चेवरसून उठाक पण दिल्यानी नाय. चाय सुद्दा हातात आणून दिल्यानी."

डॉक्टरांनी थेंब वाढवून दिले आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "असे दीर मिळायला नशीब लागतं, आजी."

"होय तर," ती म्हणाली.

डोळा चार दिवसांत निवळला. उत्तम निवळला. त्यानंतर घरात माझी धडगत उरली नाही. कोपऱ्यातली कोळिष्टकं दिसू लागली, माझ्या सदऱ्यावरचे डाग दिसू लागले. एकदा तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "भावजी, तुमी इतके म्हातारे कदी झालात? माका कोणी सांगल्यान नाय." मुंबईहून बायको परत आली तेव्हा पेडव्यांची परीक्षा झाली. वहिनीने एकेक काटा उपसून ताटाच्या कडेला रांगेत मांडला. मग बायको मला म्हणाली, "आता तुमी काडा बघूया. तिप्पट पैशाचो डोळो तुमचो." मी काढले. दोन काटे राहिले आणि ते वहिनीने काढले. उजेड कमी होता असं माझं आजही म्हणणं आहे.

मग मी वाडीला शिकवायला निघालो. वहिनीचा काळ्या चष्म्यातला फोटो वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लेखच लिहिला. मोतीबिंदूसाठी दवाखान्यात राहणं हा पैशाचा चुराडा आहे, त्याच दिवशी घरी या, डोळा तितकाच दिसतो, उलट जास्तच. हे मी, दोन रात्री राहून आलेला माणूस, सांगत होतो म्हणून लोकांना पटलं. लेखाच्या शेवटी मी ते वाक्य घातलं. आमच्या वहिनींनी स्वतःच आग्रह धरला. खरं कारण लिहायचं नव्हतं आणि काहीतरी तर लिहायलाच हवं होतं. त्या लेखाने भलं झालं हे खरं आहे. खर्चाच्या भीतीने वर्षानुवर्षं चाचपडत असलेली म्हातारी माणसं त्या हंगामात डोळे करून आली. खोटं बोलून पुण्य लागतं तर ते मला लागलं असेल.

वहिनीला मात्र टोमणे लागले. "काय गो वयनी, एक रात रवाक तुका काय झाला हुता? कोंबडी सांबाळूक परत इलंस?" दुकानात, देवळात, लग्नात. हट्टी म्हातारी, चिकट म्हातारी. मी शेजारी उभा असायचो. ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "होय तर, माजी कोंबडी उपाशी रवली असती मां!" सगळे हसायचे. तिने एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं तरी मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. तिने मुद्दामच पाहिलं नाही हे मला ठाऊक होतं.

एकदा प्रयत्न केला. बायको देवळात गेली होती तेव्हा मी स्वतः चहा केला आणि परड्यात काजू वेचत बसलेल्या वहिनीला नेऊन दिला. मनात वाक्य तयार होतं. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भावजी, ही चाय काय गुळाचो पाक?" मग हसून हसून तिला ठसका लागला, मला पाणी आणायला धावावं लागलं, आणि वाक्य परड्यात राहिलं.

दुसरा डोळा बाकी होता. मी ठरवलं, त्याला खोली घ्यायची. बाकड्यावर मी झोपायचं. तिला सांगितलं नाही, अचानक सांगून चकित करायचं म्हणून. पावसाळा सरू दे म्हटलं. मग गणपती होऊ दे म्हटलं. गणपती झाले आणि वहिनीला ताप भरला. साधा म्हणून घरी औषध केलं, तो छातीत उतरला आणि तिला कणकवलीला न्यावं लागलं. दवाखाना दुसरा होता, पण खाट तशीच होती आणि बाकडंही तसंच.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा बायकोच्या डोळ्याची तारीख ठरली. या वेळी डॉक्टर बोलायच्या आधी मी तिला विचारलं, "तुका रवाचा असा काय?" बायको म्हणाली, "माका? कित्याक? तुमचा घोरणा घराकडे ऐकतंय ता पुरे नाय काय?" डॉक्टर मोठ्याने हसले. तेव्हा कळलं, एवढंच करायचं होतं. विचारायचं होतं. कदाचित वहिनीही नको म्हणाली असती.

तर, वहिनी दवाखान्यात. बाकड्यावर मी झोपलो. पाठ धरली, बायकोची धरली होती तशीच. वहिनी बहुतेक वेळ ग्लानीत असायची. दुपारी तिथलीही चहाची मावशी आली, किटली घेऊन. मोठ्या आवाजात तिने विचारलं, "आजींना साखर किती घालू?"

वहिनीला जाग नव्हती. मावशी माझ्याकडे बघत उभी राहिली. आणि मला सांगता येईना. अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून हिच्या हातचं खाल्लं, ही साखर किती घेते ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बिनसाखरेचा ठेवा. ती उठली की तिलाच विचारतो." मावशीने कप बाजूच्या कपाटावर ठेवला, वर बशी झाकली.

मी बाकडं खाटेला लावून बसलो. वाक्य पुन्हा जुळवलं, मनात दोनदा म्हणून पाहिलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने डोळे उघडले. केलेला डोळा स्वच्छ होता. त्याने तिने आधी मला पाहिलं, मग कपाकडे पाहिलं, मग परत मला.

"भावजी, तुमी चाय घेतलास?"

"घेतलंय," मी म्हणालो. घेतला नव्हता.

"बरा," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. त्यानंतर ती बोलण्याइतकी जागी झाली नाही; त्याच खाटेवर गेली. त्या संध्याकाळी कपातल्या चहावर साय धरली. मी मात्र तिच्या कानाशी वाकून, मावशी कप न्यायला येईपर्यंत, तोंडात तयार असलेलं ते वाक्य न म्हणताच धरून बसलो होतो:

वयनी, तुका थंय एक रात रवाचा हुता. हट्ट तुजो नव्हतो, आणि देवीचो पण नव्हतो. माका ह्या बाकड्यार झोपाचा नव्हता म्हणान मी तुका घराक न्हेलंय, आणि वर तुज्याच हातची चाय पिलंय. माका माफ कर.